मराठी भाषेच्या इतिहासाच्या नोट्स काढणाऱ्या सर-मॅडमना खुलं पत्र : त्या जोडे शिवणाऱ्याला गाळू नका

सर, मॅडम, नमस्कार.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या नोट्स मी वाचल्यात, काही तर घोकून घोकून पाठ केल्यात, त्यामुळे हे पत्र जरा हक्काने लिहितेय, राग मानू नका. विल्यम कॅरी हे नाव तुमच्या नोट्समध्ये येतं तेव्हा ते साधारण दीड ओळीत आटपतं. डॉ. विल्यम कॅरी, श्रीरामपूर, मराठी व्याकरण १८०५, मराठी कोश १८१०, झालं, पुढचा मुद्दा. जोड्या लावा मध्ये एका बाजूला कॅरी, मोल्सवर्थ, दादोबा पांडुरंग आणि दुसऱ्या बाजूला साल. आम्ही रेघा मारल्या, मार्क मिळाले, विषय संपला. आणि खरं सांगायचं तर ते श्रीरामपूर मला कित्येक दिवस आपल्या नगर जिल्ह्यातलंच वाटायचं, साखर कारखान्यांच्या मुलखात हा साहेब व्याकरण कशाला लिहीत बसला असेल असं वाटून मी तो विचार सोडूनही दिला होता. ते श्रीरामपूर बंगालमधलं, कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठावरचं, आणि त्या वेळी ते इंग्रजांचं नव्हतंच, डेन्मार्कच्या ताब्यात होतं, हे खूप नंतर कळलं. नोट्समध्ये एक कंस टाकला असतात तरी चाललं असतं.

पण माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. तो माणूस १७६१ साली जन्मला आणि १७९३ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला उतरला, म्हणजे बत्तीस वर्षांचा होऊन. तुमच्या नोट्समध्ये तो जहाजातून उतरतानाच डॉक्टर असतो. आधीची बत्तीस वर्षं कुठे गेली? त्यातली बारा-तेरा वर्षं तो इंग्लंडच्या खेड्यांमध्ये जोडे शिवत होता, दुरुस्त करत होता आणि रविवारी पायी चालत जाऊन दुसऱ्या गावच्या गोरगरिबांपुढे उपदेश करत होता, तोही जवळजवळ फुकट. आपल्याला तर हे कळायला अजिबात जड जाऊ नये हो. गोरोबांचं चाक, नरहरी सोनारांची पेटी, सेना महाराजांची धोपटी, सावतोबांचा मळा, आपण त्या माणसांची नावं त्यांच्या धंद्यासकट घेतो, धंदा काढून घेतला तर ती माणसंच ओळखू येणार नाहीत. मग कॅरीचीच आरी का काढून घेतली?

म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

नॉर्थॅम्प्टनशायर नावाचा परगणा आहे, इंग्लंडच्या मधोमध. त्यात पॉलर्सपरी नावाचं गाव, तिथे १७ ऑगस्ट १७६१ ला हा जन्मला. बाप विणकर, घरात माग. पुढे बापाला गावच्या शाळेत मास्तरकी आणि चर्चमध्ये कारकुनाचं काम मिळालं म्हणून पोराला चार अक्षरं आली. पोरगं किडे, फुलं, पक्ष्यांची अंडी गोळा करणारं, आणि समुद्रसफरींच्या गोष्टी सांगून सांगून डोकं खाणारं, म्हणून सवंगडी त्याला कोलंबस म्हणायचे. शेतात कामाला घातलं तर ऊन लागलं की अंगाची आग व्हायची, कातडीचाच काहीतरी आजार होता. मग सावलीत बसून करायचं काम शोधलं आणि मिसरूडही फुटली नव्हती तेव्हा शेजारच्या पिडिंग्टन गावात एका जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवार म्हणून ठेवलं. त्या भागात जोड्यांचा धंदा इतका मुरलेला की नॉर्थॅम्प्टनच्या फुटबॉल क्लबला आजही लोक कॉब्लर्स म्हणतात.

त्या उमेदवारीतली एक गोष्ट त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवलीय आणि मला ती फार आवडते कारण त्यात साधूबिधू काही नाही. नाताळात धंद्याची पोरं दुकानादुकानांत जाऊन बक्षिसी मागायची, तशी चाल होती. एका लोखंडसामानवाल्याने याला विचारलं सहा पेन्स पाहिजेत की शिलिंग, म्हणजे बारा पेन्स. याने अर्थातच शिलिंग उचललं. ते निघालं खोटं, पितळेचं. आता त्याच वेळी मालकाचेही पैसे त्याच्याकडे होते, सामान आणायला दिलेले, तर पठ्ठ्याने खोटं शिलिंग मालकाच्या पैशांत सरकवलं आणि खरं स्वतःकडे ठेवलं, आणि मालकाला सांगायचं काय तर तुम्हीच खोटं दिलंत. वाटेत देवाशी करारही केला की एवढ्या वेळी सुटू दे, परत कधी असलं करणार नाही. देवाने काही त्या करारावर सही केली नाही. मालकाने दुसऱ्या उमेदवाराला चौकशीला पाठवलं, सगळं उघडं पडलं, आणि गावात तोंड दाखवायची चोरी झाली. नंतर आयुष्यभर पापाबद्दल बोलणारा हा उपदेशक आपलं पहिलं उदाहरण म्हणून हे बारा पेन्स काढून दाखवू शकत होता. तुमच्या नोट्समधल्या डॉक्टरसाहेबांपेक्षा हा खोटं शिलिंग खिशात धरून घामाघूम झालेला पोरगा मला जास्त जवळचा वाटतो, काय करू.

त्याच दुकानात शेजारी बसणारा दुसरा उमेदवार, जॉन वॉर त्याचं नाव, तो सरकारी चर्चच्या बाहेरच्या पंथातला होता. म्हणजे असं की इंग्लंडात राजाचं एक अधिकृत चर्च, त्याच्या पाद्र्यांना गावाच्या उत्पन्नातला वाटा मिळायचा, आणि त्याबाहेरचे जे बाप्टिस्ट वगैरे, त्यांना आपापली प्रार्थनाघरं चालवायला कायद्याने १६८९ पासून परवानगी होती पण बाकी हाल होते, ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवीही त्यांना मिळत नसे. त्यामुळे त्यांचे गावोगावचे उपदेशक कोण असायचे, तर विणकर, सुतार, जोडेवाले, शेतकरी. सहा दिवस धंदा आणि सातव्या दिवशी उपदेश. कॅरी बापाच्या वळणाने अधिकृत चर्चचा, हे बाहेरचे लोक त्याला हलके वाटायचे, दोघं पोरं जोडे शिवता शिवता तासन्‌तास वाद घालायची, आणि शिलिंगच्या प्रकरणानंतर याचा तोरा उतरला आणि हळूहळू तो वॉरच्या बाजूला सरकला.

आता तुमच्या कामाची गोष्ट, भाषेची. मालकाच्या दुकानात बायबलवरच्या टीकेचं एक पुस्तक पडलेलं, त्यात मधेमधे ग्रीक शब्द. याला ते वाचता येईनात. मग त्याने ती अक्षरं जशी दिसतील तशी कागदावर उतरवून घेतली आणि गावाकडे गेला की तिथल्या एका शिकलेल्या विणकराकडून, टॉम जोन्सकडून, त्यांचा अर्थ विचारून आणायचा. परत आला की पुढचे शब्द. एवढंच. कुठला कोर्स नाही, फी नाही. येणाऱ्या माणसाशेजारी जाऊन बसायचं आणि विचारायचं, जसं आरी कशी धरायची हे मालकाशेजारी बसून विचारलं तसंच. पुढे लॅटिन, हिब्रू, डच, फ्रेंच, सगळं याच रीतीने, समोर पुस्तक उघडं आणि हातात जोडा. पहिला मालक १७७९ ला वारला, मग तो हॅकल्टन गावात थॉमस ओल्ड नावाच्या जोडेवाल्याकडे लागला. थॉमस स्कॉट नावाचा एक विद्वान पाळक तिथे यायचा. पुढे कॅरीचं नाव झाल्यावर हा स्कॉट त्या दुकानावरून जाताना लोकांना सांगायचा, हे बघा मिस्टर कॅरीचं कॉलेज.

तर सर, तुमच्या नोट्समध्ये "शिक्षण" असा रकाना असेल तर तिथे हे कॉलेज टाका. डॉक्टर ही पदवी त्याला अमेरिकेतल्या ब्राऊन युनिव्हर्सिटीने दिली ती १८०७ ला, म्हणजे मराठी व्याकरण छापून दोन वर्षं झाल्यावर! व्याकरण लिहिणारा माणूस डॉक्टर नव्हता.

१७८१ च्या जूनमध्ये त्याने मालकाच्या मेहुणीशी, डोरोथीशी लग्न केलं. वय एकोणीस. तिला लिहिता येत नव्हतं, लग्नाच्या नोंदवहीत तिने फुली मारलीय. पहिली मुलगी दोन वर्षांची होऊन तापाने गेली, त्याच तापाने हाही अंथरुणाला खिळला आणि त्यातून उठला तेव्हा डोक्यावरचे केस गेलेले. त्याच्या धाकट्या भावाने आपली शिल्लक आणून दिली तेव्हा घर चाललं. मग मालक ओल्डही वारला आणि दुकान याच्या गळ्यात पडलं.

आणि या सगळ्यात तो उपदेश करत हिंडत होता. अर्ल्स बार्टन नावाच्या गावी प्रार्थनेला जमणाऱ्या माणसांना पाळक नव्हता, हा पायी जायचा आणि पायी यायचा, साडेतीन वर्षं. ती माणसं इतकी गरीब की त्यांच्या सेवेत झिजलेल्या कपड्यांचे पैसेही निघत नव्हते, असा हिशोब त्यानेच नोंदवलाय. (जोड्यांचा हिशोब नाही लिहिला, ते बहुतेक घरचेच.) ५ ऑक्टोबर १७८३ ला सकाळी नॉर्थॅम्प्टनला नेन नदीत त्याचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्मा देणारा जॉन रायलंड पुढे लिहितो की एका गरीब, मजुरीवर राबणाऱ्या जोडेवाल्याला मी पाण्यात बुडवलं, त्याच्या हातून पुढे काय होणार याची मला तेव्हा सुतराम कल्पना नव्हती.

रीतसर उपदेशक व्हायचं तर मंडळीपुढे, म्हणजे एका प्रार्थनाघराच्या सभासदांपुढे, उपदेश करून दाखवावा लागे, म्हणजे आपल्या भाषेत डेमो लेक्चर. ऑलनी गावच्या मंडळीपुढे १७८५ च्या उन्हाळ्यात याने तो केला आणि त्यांनी काय केलं माहितीये, रिझल्ट राखून ठेवला. अजून काही दिवस करून दाखव मग बघू. आधीच तीन वर्षं खेड्यापाड्यांत उपदेश करत हिंडलेला माणूस! वर्षभराने, १० ऑगस्ट १७८६ ला पास केलं. चारदा मुलाखतीतून परत आलेल्या पोरांना ही गोष्ट वर्गात सांगा सर, प्रेरणादायी व्याख्यानं ठेवता त्यापेक्षा स्वस्तात पडेल.

मग मोल्टन नावाचं गाव. तिथली मंडळी वर्षाला दहा-अकरा पौंड द्यायची, लंडनच्या एका फंडातून पाच यायचे. त्यात घर चालेना म्हणून शाळा काढली, गावचा जुना मास्तर परत आला तसं पोरांनी पाठ फिरवली, आणि शिस्त लावणं याला कधी जमलंच नाही, पोरंच मला सांभाळायची असं तो म्हणायचा. परत आरी हातात. केटरिंगच्या टॉमस गॉच नावाच्या व्यापाऱ्याचं काम घ्यायचा, जोडे झाले की पिशवी खांद्यावर टाकून दहा-एक मैल चालत केटरिंगला द्यायचे आणि येताना नवं कातडं आणायचं. जिथे जोडे शिवायचा त्या खोलीच्या भिंतीवर त्याने कागदाचे ताव एकमेकांना चिकटवून जगाचा मोठा नकाशा केला होता, प्रत्येक देशात तिथली वस्ती, धर्म जे काही वाचनात येईल ते पेनाने लिहिलेलं. अँड्र्यू फुलर नावाच्या त्याच्या मित्राने हा नकाशा डोळ्यांनी बघितलेला आहे. पोरांना शिकवायला त्याने कातड्याचे तुकडे जोडून पृथ्वीचा गोल शिवला होता असंही सांगतात. कातडं शिवून पृथ्वी. मला तर हे वाचून काही वेळ पुढचं वाचताच आलं नाही.

या गॉचची गोष्ट अशी सांगतात की एकदा त्याने कॅरीला विचारलं, आठवड्याला जोडे शिवून किती सुटतात रे तुला? तो म्हणाला, नऊ-दहा शिलिंग. गॉच म्हणाला, मग यापुढे माझं कातडं नासवू नकोस, दर आठवड्याला दहा शिलिंग मी माझ्या खिशातून देतो, तू लॅटिन, ग्रीक, हिब्रू जे काय करायचं ते कर. तेव्हा वीस शिलिंगांचा पौंड. आठवड्याला दहा म्हणजे वर्षाला सव्वीस पौंड झाले की, मोल्टनच्या अख्ख्या मंडळीच्या मानधनाच्या दुपटीहून जास्त. मराठी व्याकरणाच्या मागे फोर्ट विल्यम कॉलेज, म्हणजे कंपनीच्या गोऱ्या नोकरांना इथल्या भाषा शिकवणारं कलकत्त्याचं कॉलेज, उभं होतं हे तुम्ही लिहिता आणि ते बरोबरच आहे, पण त्याच्याही मागे लष्कराला बूट पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराचा खिसा आहे, तोही कधीतरी लिहा.

"कातडं नासवू नकोस" हे त्याला नंतर पुष्कळ चिकटलं. लोक म्हणायला लागले की याला धड जोडेही शिवता येत नव्हते म्हणून मिशनरी झाला. त्यावर त्याने फुलरला लिहिलेलं पत्र आहे. मी चांगला कारागीर गणला जायचो, ओल्डच्या दुकानात माझ्या हातचा एक जोड नमुना म्हणून ठेवलेला असायचा, असं त्यात तो म्हणतो. आणि लगेच पुढे कबूलही करतो की चांगल्यातल्या चांगल्या कारागिराच्या हातूनही कधीतरी खराब माल बाहेर पडतो. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

इथे एक अडचण आपल्या भाषेची सांगते. मी हे लिहिताना मुद्दाम "जोडे शिवणारा" लिहितेय, कारण आपल्याकडचा शब्द वापरला की धंद्याबरोबर जात येते आणि वाचणारा लगेच काहीतरी ठरवून मोकळा होतो. तिकडे विणकराचा पोरगा उन्हाच्या त्रासापायी जोड्यांच्या धंद्यात जाऊ शकत होता आणि उद्या मास्तरही होऊ शकत होता, आपल्याकडे तेव्हा ते शक्य नव्हतं. पण म्हणून तिकडे उच्चनीच नव्हतं असं मुळीच समजू नका. सिडनी स्मिथ नावाचा एक विनोदी लेखणीचा पाद्री होता, अधिकृत चर्चचा, त्याने १८०९ च्या सुमारास एडिंबरोच्या एका नावाजलेल्या त्रैमासिकात या लोकांची टिंगल करताना "पवित्र जोडेदुरुस्तीवाले" अशा अर्थाचा शब्द वापरला. आणि बराकपूरला गव्हर्नर जनरलच्या घरी जेवणाच्या वेळची ती गोष्ट तर प्रसिद्धच आहे, एका लष्करी अधिकाऱ्याने शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं की हे कॅरी पूर्वी शूमेकर होते ना? कॅरी म्हणाला, नाही साहेब, फक्त कॉब्लर. शूमेकर म्हणजे नवे जोडे करणारा, कॉब्लर म्हणजे जुने दुरुस्त करणारा, एक पायरी खाली. टोमणा मारणाऱ्याने जिथे ठेवलं त्याच्या अजून एक पायरी खाली हा स्वतःच जाऊन बसला, आता मार टोमणा.

१७९२ मध्ये केटरिंगला एका विधवेच्या घरातल्या मागच्या खोलीत बारा-तेरा माणसं जमली, सगळ्यांचे मिळून १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स देऊ असे आकडे कागदावर लिहून ते कागद तपकिरीच्या डबीत टाकले, आणि तेवढ्यावर परदेशात धर्मप्रसार करायला मिशन सोसायटी सुरू झाली. पुढच्या वर्षी हा डेन्मार्कच्या जहाजातून निघाला, कारण ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. इथलं बरंचसं तुमच्या नोट्समध्ये सापडतं म्हणून भराभर जाते. पण डोरोथीवरून भराभर जाता येत नाही. ती यायला तयार नव्हती. तान्हं मूल, कधी गाव सोडलेलं नाही, शेवटी बहीण बरोबर येत असेल तर येते म्हणून निघाली. बंगालात मालद्याकडे मदनावतीच्या निळीच्या कारखान्यात हा व्यवस्थापक झाला, तिथे १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा पीटर गेला आणि तिचं मन कायमचं ढळलं. १८०७ ला वारेपर्यंत ती तशीच होती. म्हणजे आपलं १८०५ चं मराठी व्याकरण ज्या घरात तयार झालं त्याच घरात बाजूच्या खोलीत ती होती. कॅरीचं कौतुक करणारे याला त्याची चिकाटी म्हणतात. मला ते तसं म्हणवत नाही. फुली मारून सही करणाऱ्या त्या बाईला कुणी नीट विचारलंच नाही, आणि हे त्याच्या चांगुलपणाच्या खात्यात जमा धरू नये एवढंच.

आता मराठी. १८०१ ला फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली आणि संस्कृत शिकवायला लागला, पुढे मराठीही त्याच्याकडे आली. सगळं आयुष्य बंगालकडे काढलेल्या माणसाला मराठी आली कशी? तर हॅकल्टनच्या कॉलेजच्या पद्धतीने, येणाऱ्याशेजारी जाऊन बसून. तिकडे टॉम जोन्स विणकर होता, इकडे पंडित वैजनाथ शर्मा. वैजनाथ पंडित नागपूरकडचे, कॉलेजात मराठीचे पंडित, पुढे त्यांनी सिंहासन बत्तिशी, हितोपदेश अशी मराठी पुस्तकं तयार केली ती श्रीरामपूरला छापली गेली. कॅरीचं व्याकरण आणि कोश या दोघांनी मिळून शिवलेला जोड आहे, एक डावा एक उजवा, आणि आपण एकच पाय दाखवतो.

तिसरा माणूस तर कुणाच्याच नोट्समध्ये नसतो. पंचानन कर्मकार. कर्मकार म्हणजे लोहार. १७७८ साली हालहेडचं बंगाली व्याकरण छापलं तेव्हा विल्किन्ससाहेबाच्या हाताखाली याने बंगाली टाइप पाडले, मग श्रीरामपूरला येऊन देवनागरीचे खिळे पाडायला घेतले. त्याच्यानंतर त्याचा जावई मनोहर. व्याकरण १८०५ ला देवनागरीत निघालं आणि १८१० चा कोश मोडी टाइपात, तेही टाइप श्रीरामपूरच्याच कारखान्यातले. म्हणजे बघा, जोडेवाल्याने मजकूर केला आणि लोहाराने अक्षरं पाडली. आपण मात्र पुस्तक मागतो ते "डॉक्टर" कॅरीचं. आणि हो, नोट्समध्ये "पहिलं छापील मराठी व्याकरण" असं ठोकून देता ना, ते दुरुस्त करा, १७७८ लाच रोममध्ये पोर्तुगीज भाषेत लिहिलेलं मराठीचं एक व्याकरण छापून झालं होतं. एका प्रश्नाला मी हाच मुद्दा काढला तर मला उत्तरपत्रिकेत चूक मिळाली होती. जाऊ दे.

खराब मालाचं वाक्य लक्षात ठेवा म्हटलं होतं ते इथे. त्याने केलेलं बायबलच्या नव्या कराराचं मराठी भाषांतर १८११ ला निघालं, आणि ते काही पायात नीट बसलं नाही. मुंबईच्या अमेरिकन मिशनवाल्यांना ते भाषांतर सगळं नव्याने करावं लागलं. कोशही मोल्सवर्थचा १८३१ ला आल्यावर मागे पडला. साहजिक आहे. कलकत्त्यात बसून, एका पंडिताच्या तोंडची मराठी ऐकून, एकाच वेळी डझनभर भाषांचे जोडे शिवायला घेतल्यावर काही जोड चावणारच. त्यात त्याला कमीपणा नाही, पण म्हणून त्याला आधुनिक मराठीचा जनक वगैरेही करू नका. आम्हाला जनक पुष्कळ झालेत.

आणि तो कशाला आला होता हेही लपवायचं कारण नाही. धर्मप्रसाराला आला होता, सरळ गोष्ट. व्याकरण, कोश, छापखाना, कॉलेज सगळं त्यासाठी. ज्यांना याचा राग येतो त्यांचा राग मला कळतो, आणि ज्यांना त्याच्याबद्दल नुसती भक्ती वाटते त्यांचीही मला जरा भीती वाटते. पण तो गावातला उपदेशक होता हे पुसून टाकून त्याला नुसता "भाषाप्रेमी अभ्यासक" बनवणं, जे बऱ्याच भाषणांत होतं, तो खोटेपणा आहे, त्या पितळेच्या शिलिंगासारखा. तो भाषा शिकला कारण त्याला माणसांपुढे उभं राहून बोलायचं होतं, अर्ल्स बार्टनसारखंच. १८२९ च्या डिसेंबरात सतीबंदीचा कायदा त्याच्याकडे बंगालीत उतरवायला आला तो रविवार होता. आयुष्यभर रविवारचा उपदेश न चुकवलेला माणूस, त्याने त्या दिवशी व्यासपीठ दुसऱ्याला दिलं आणि दिवसभर बसून कायद्याचं भाषांतर पूर्ण केलं, कारण एक दिवस उशीर म्हणजे कुठेतरी एखादी बाई जळणार. हे फक्त भाषांतरकाराचं काम म्हणून वाचलं तर एका ओळीचं आहे. चाळीसेक वर्षं दर रविवारी उभं राहिलेल्या उपदेशकाने ते केलं असं वाचा मग कळेल त्याने काय बाजूला ठेवलं.

तर माझं मागणं मोठं नाही. पाठ्यपुस्तकात धडा पाहिजे, पुतळा पाहिजे असलं काही नाही. त्या दीड ओळीची अडीच ओळ करा. "हॅकल्टन-मोल्टनकडचा जोडे शिवणारा आणि खेड्यातला उपदेशक" एवढं नावाआधी लावा, वैजनाथ शर्मा आणि पंचानन कर्मकार ही दोन नावं नावानंतर लावा, आणि श्रीरामपूरपुढे कंसात बंगाल. जोड्या लावा मध्ये एकदा तरी साल न विचारता धंदा विचारून बघा, पोरं दचकतील पण लक्षात ठेवतील.

त्याच्या भाच्याने, म्हणजे पुतण्या, युस्टेसने त्याचं चरित्र लिहिलं, त्याला त्याने सांगून ठेवलं होतं की माझ्याबद्दल लिहिणारा मला रेटत राहता येतं एवढं म्हणाला तर ते बरोबर आहे, त्यापुढचं सगळं जास्तीचं. आणि मरणाच्या थोडं आधी डफ नावाचा तरुण मिशनरी भेटायला आला, तो सारखं डॉक्टर कॅरी डॉक्टर कॅरी करत होता, त्याला परत बोलावून म्हणाला, मी गेल्यावर डॉक्टर कॅरीबद्दल काही बोलू नका, डॉक्टर कॅरीच्या तारणाऱ्याबद्दल बोला. ९ जून १८३४ ला गेला, श्रीरामपूरलाच. थडग्यावर नाव, दोन तारखा आणि एका जुन्या भजनातल्या दोन ओळी, मी एक दीनवाणा असहाय किडा अशा अर्थाच्या. पदवी नाही.

म्हणजे "डॉक्टर" गाळायला त्याची हरकत नव्हती, तेवढं तर तुम्ही लगेच करू शकता.

आपली,
तुमच्याच नोट्स वाचून पास झालेली एक विद्यार्थिनी

ता. क. वर "भाच्याने, म्हणजे पुतण्या" असं झालंय ते तसंच ठेवलंय. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यात माझी गडबड झाली, युस्टेस हा त्याच्या भावाचा मुलगा. वैजनाथ पंडित शेजारी असते तर त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्त केलं असतं.